आधी डबा वर

साहेब, माझं पोट तुम्ही जाळलंत. तिखटानं नाही, तेलानं नाही, माझ्या सासूबाईंच्या हातानं तर मुळीच नाही. तुम्ही जाळलंत. क्रेनच्या शिडीपाशी तुम्ही तारेनं बांधलेल्या त्या पाटीनं जाळलंत: ‘खाण्याचे पदार्थ वर नेण्यास सक्त मनाई.’ लाल अक्षरं, खाली तुमची सही, सहीखाली दोन रेघा.

तुम्ही म्हणाल, नियम सुरक्षेचा होता. वरून डबा निसटला तर खालच्याचं डोकं फुटेल. अगदी बरोबर. पण ग्रीसचा डबा वर जातो, पान्यांनी भरलेली पिशवी वर जाते, दोरानं ओढून, मी स्वतः ओढते. ते पडत नाहीत? का पान्याला अक्कल आहे आणि केळ्यालाच नाही?

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण बाकीच्यांना नाही, म्हणून नीट सांगते. क्रेनची केबिन म्हणजे मनोऱ्याच्या टोकाला टांगलेली काचेची पेटी. पायाखालीही काच. माल खाली, माणसं खाली, म्हणून दिवसभर स्वतःच्या दोन गुडघ्यांमधून खाली बघत बसायचं. कमरेत वाकून, पोटावर पट्टा आवळून. उतरून जेवून पुन्हा चढायचं म्हटलं तर जेवणाची सुट्टी शिडीवरच संपते. आणि सुट्टी तरी कुठली? काँक्रीटची गाडी दारात आली की ती थांबत नाही, तिच्या पोटात काँक्रीट घट्ट होतं. तिच्या पोटाची काळजी सगळ्यांना. वर मोरी नाही, म्हणून पाणीही जपून प्यायचं. बाईमाणसाला तर ओठ ओले करण्यापुरतंच.

म्हणून आमच्या धंद्यात एक रीत पडली आहे. तिला आम्ही ‘रिकामं चढणं’ म्हणतो. सकाळी काही खायचं नाही, चढायचं, संध्याकाळी उतरायचं, मग काय ते खायचं. मला ही रीत मामांनी शिकवली. साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणतात. क्रेन मला त्यांनीच शिकवली आणि ‘घार’ हे नावही त्यांनीच ठेवलं. “घारे, भरल्या पोटी चढला तो अर्ध्या शिडीवर रडला,” असं म्हणायचे. आज ते खाली उभे राहून वॉकीटॉकीवर मला माल कुठे ठेवायचा ते सांगतात. पण आधी त्या पेटीत तेच बसायचे. तुम्ही उतरवलंत त्यांना. एका सकाळी वर असताना त्यांना उलटी झाली. खाली आले तेव्हा पाय लटपटत होते, डोळे लाल, तोंडाला आंबूस वास. तुम्ही सगळ्या साइटसमोर विचारलंत, “पिऊन चढला होतात?”

मामा जन्मात कधी दारूच्या दुकानाच्या सावलीत उभे राहिलेले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तुमच्यासमोर बोलायची सवय कोणाला होती? तेव्हापासून क्रेन माझ्याकडे आली, वॉकीटॉकी त्यांच्याकडे, आणि पाठीमागून ‘दारुडा’ हा शब्द. हे लक्षात असू द्या. मी विसरलेली नाही.

पेटीबरोबर मामांचा आजारही माझ्याकडे आला. सुरुवातीला नुसती जळजळ, छातीच्या मधोमध, कोणी आतून काडी ओढल्यासारखी. मग आंबट पाणी. खाली वाकून बघायला लागले की ते घशापर्यंत यायचं, दातांना चटका देऊन परत जायचं. आवाज घोगरा झाला. मामा वॉकीवर म्हणायचे, “घारे, कावळी झालीस की काय?” खिशात गुलाबी गोळ्यांचं पाकीट आलं, खडूसारख्या चघळायच्या गोळ्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. उधारीवर दिवस ढकलावा तसा दिवस ढकलायचा.

आणि संध्याकाळी घरी. दिवसभर पोटात ओरडून ओरडून कावळेसुद्धा दमलेले. सासूबाई वाट बघत बसलेल्या. त्यांचा माझ्यावर जीव, आणि तो जीव त्या ताटात वाढायच्या. तळलेलं, झणझणीत, वर तुपाची धार. “पोर आभाळात बसून आली, जेवू दे पोटभर.” मी जेवायचे, असं जेवायचे की उठताना भिंतीला हात लावावा लागे. त्यावर कडक चहा. आणि पाठ अशी मोडलेली की पाठदुखीची गोळी घ्यायची आणि सरळ आडवं व्हायचं. पुढची सगळी रात्र छातीत चूल पेटलेली. सकाळी पुन्हा रिकामं चढायचं.

औषध नव्हतं असं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक गोळी लिहून दिली होती, रोज सकाळी, रिकाम्या पोटी. ती मी दोन वर्षं घेतली. एक दिवस चुकवला नाही. माझ्या नवऱ्याला मी एवढं नेमानं कधी विचारलं नसेल. तरी आग काही कमी होईना.

मग तो दिवस आला. हुकाला सळयांचा भारा होता, हवेत, माणसांच्या डोक्यावरून बराच उंच. आणि माझ्या छातीत कोणीतरी मुठीनं पिळलं. डाव्या खांद्यापर्यंत कळ गेली. घाम फुटला. मी भारा वळवला, जिथे टेकवायचा तिथेच टेकवला, हूक मोकळा होईपर्यंत थांबले, आणि मग म्हटलं, “मामा, मी उतरते. काहीतरी बिनसलंय.”

मामा शिडीच्या पायथ्याशी धावत आले. तुम्हीही आलात. मोठ्या इस्पितळात नेलंत, ते मान्य करते, तुमच्याच गाडीतून नेलंत. तिथे छातीला तारा लावल्या, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. पण तुम्ही तेवढं ऐकलंतच नाही. तुम्ही फक्त ‘छाती’ हा शब्द ऐकलात. दुसऱ्या दिवशी मला सामानाच्या खोलीत बसवलंत, हेल्मेटं द्यायला आणि घ्यायला. “तब्येत सांभाळा. हा हॉल पूर्ण होईपर्यंत बदली माणूस आणतोय. छप्पर चढलं की बघू, त्यालाच कायम करायचं की काय ते.”

म्हणजे आम्ही बांधत होतो त्या हॉलचं छप्पर चढायच्या आत मला माझी पेटी परत मिळवायची होती. नाहीतर घारीची कोंबडी होणार होती, कायमची.

बदली माणूस आला. टोपी नेहमी उलटी घालायचा, म्हणून त्याला सगळे टोपीवाला म्हणायला लागले. चांगला हात होता त्याचा, खोटं का बोलू. तोही रिकामाच चढायचा. मी खोलीत बसून हेल्मेटं पुसायची. तिथेच मला काय दिसलं ते सांगते. हेल्मेटच्या आत डोक्याला बसते ती पट्टी असते ना, तिच्यात लोक काय काय खोचून ठेवतात. देवाचा फोटो, पोरीचा फोटो. आणि साहेब, गुलाबी गोळ्यांची पाकिटं. वेल्डरच्या हेल्मेटात, सळ्या बांधणाऱ्याच्या, सुताराच्या. टोपीवाल्याच्या हेल्मेटात तर आठवडाभरातच. एका साइटवर एवढी पोटं एकदम कशी बिघडतात? सगळ्यांच्या सासूबाई एकच आहेत काय?

मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेचं खालचं टोक लालभडक, सोललेलं. “व्रण पडायच्या बेतात आहे,” म्हणाल्या. मग प्रश्न सुरू केले. घास अडकतो का, वजन उतरलंय का, शौचाला काळं होतं का? नाही, नाही, नाही. कुठली औषधं घेता? मी माझी गोळी सांगितली.

“कधी घेता?”

“सकाळी. रिकाम्या पोटी. अगदी नेमानं.”

“छान. आणि त्यानंतर नाश्ता किती वेळानं?”

“नाश्ता नाही. मी वर चढते.”

“मग दुपारी?”

“दुपारी वरच असते.”

“मग खाता कधी?”

“संध्याकाळी. घरी जाऊन.”

डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. “अहो ताई, मग त्या बिचाऱ्या गोळीनं करायचं काय?”

मला कळेना. त्यांनी समजावलं. पोटात आम्ल सोडणारे बारीक बारीक पंप असतात. अन्न आलं की ते चालू होतात. ही गोळी चालू पंपालाच धरून बंद करते, झोपलेल्याला नाही. म्हणून ती घ्यायची आणि मग अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खायचंच खायचं. मी रोज गोळी पाठवत होते आणि पुढे काही पाठवतच नव्हते. दिवसभरात गोळीचा जोर ओसरायचा. संध्याकाळी मी डोंगर जेवायचे, सगळे पंप एकदम सुरू, आणि त्यांना आवरायला कोणी नाही. त्यातच मी आडवी.

“म्हणजे,” मी म्हटलं, “हूक खाली सोडला तेव्हा माल नव्हता. आणि माल आला तेव्हा हूक वर निघून गेलेला.”

“क्रेनचं मला कळत नाही,” त्या हसल्या, “पण हो, तसंच.”

रिकाम्या पोटी म्हणजे दिवसभर रिकाम्या पोटी, असं जगात आणखी कोण समजलं असतं? फक्त क्रेनवालेच! आम्हाला रिकामं राहायची शिकवणच होती. दोन वर्षं मी औषध घेत होते आणि औषधाला कामच देत नव्हते.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. पाठदुखीच्या गोळ्या बंद, त्या पोटाचं अस्तर खातात. पाठीसाठी व्यायाम आणि शेक. थोडं थोडं, पण वेळच्या वेळी खायचं. तळलेलं, तिखट, फसफसणारं आणि उपाशीपोटी चहा काही दिवस पूर्ण बंद. मग एकेक परत आणून बघायचं, ज्यानं त्रास होतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. पोटावर घट्ट काही नको. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची.

“उशा घेऊ जास्त?”

“उशांनी मान दुखेल, पोट दुमडेल. पलंगाचे पायच उचला.”

पलंगाचे पाय कशावर उचलायचे हा प्रश्न मला पडला नाही. काँक्रीटची ताकद तपासायला आपण ठोकळे पाडतो ना, साइटच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग पडलेला असतो. दोन सारखे ठोकळे मुकादमाला विचारून घरी नेले. साहेब, तुमच्या काँक्रीटनं माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

माझा नवरा शिंपी. पहिल्या सकाळी जागा झाला तर पायथ्याला जाऊन पोचलेला. “अगं, हा पलंग आहे की घसरगुंडी? मी झोपलो तुझ्याशेजारी आणि उठलो शेजाऱ्यांकडे!” पण त्याच दिवशी त्यानं माझ्या कामाच्या सगळ्या पँटी उसवल्या आणि कमरेत सैल करून दिल्या. “एवढी वर्षं लोकांची पोटं मोजतो,” म्हणाला, “घरातल्या पोटाकडेच बघितलं नाही.”

खरी लढाई सासूबाईंशी झाली. मी म्हटलं, संध्याकाळी लवकर आणि थोडंच जेवणार, तळलेलं नको. त्यांनी झारा खाली ठेवला.

“म्हणजे माझ्या हातचं विष आहे तर.”

“तसं नाही हो आई.”

“मग कसं? त्या दुर्बिणीवालीनं माझं स्वयंपाकघर बघितलंय का?”

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी त्यांनाच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पडद्यावर माझ्या अन्ननलिकेचं चित्र दाखवलं. सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, “हे भाजलंय. हात भाजला की असंच दिसतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बारक्या डब्यांची रांग लागलेली. मऊ भात, उकडलेला बटाटा, शिजवलेली भाजी, अंडं, केळं. “एकाच वेळी सगळं खायचं नाही, समजलं? आणि गोळी घेतलीस का? घेतलीस तर मग बस, आता खा. पंप चालू व्हायला हवेत!” शेजारणींनाही त्या पंप समजावून सांगायला लागल्या. एका शेजारणीला वाटलं, आमच्याकडे नवी मोटर बसवली.

फरक लगेच पडला असं म्हणणार नाही. मी चमत्कार विकत नाही. पहिल्या आठवड्यात काही नाही. मग एक सकाळ अशी आली की घशात आंबट नव्हतं. मी उठून बसले आणि वाट बघितली. आलंच नाही. आवाज सुटला. एकदा चिडून मी तळलेले तुकडे खाल्ले, आणि त्याची शिक्षाही भोगली. पुन्हा वाटेवर आले. महिना-दीड महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, “चढा खुशाल. पण मध्ये मध्ये खायला हवं. ते चुकलं तर परत इथेच याल.”

याच दिवसांत मी मामांनाही ओढत तिकडे नेलं. येईनात. “मला काय झालंय? मी तर दारुडा,” म्हणाले आणि कसंनुसं हसले. त्यांच्या पोटात जुना व्रण निघाला, जंतूमुळे झालेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कित्येक वर्षांचा असेल, उलट्या होत असतील. मामा म्हणाले, “एकदा झाली होती. फार महाग पडली.” त्यांना दोन आठवड्यांची औषधं दिली, पूर्ण घ्यायला लावली. जंतू गेला, व्रण भरला. मामा आता सकाळी खाऊन येतात आणि वॉकीवर इतके बडबडतात की कान किटतात.

मग मी तुमच्या केबिनमध्ये आले. आठवतंय? तुमच्या टेबलावर डबा उघडा होता, चार कप्प्यांचा. शर्टात रुमाल खोचला होता. शेजारी दोन इंजिनियर.

“साहेब, मी बरी आहे. चढायला परवानगी आहे. फक्त वर थोडं थोडं खायला लागेल.”

“वर?”

“वर.”

“उद्या म्हणाल, वर पाळणा बांधा,” तुम्ही म्हणालात. इंजिनियर हसले.

“डबा झाकणाचा आहे. पान्याच्या पिशवीतूनच ओढून घेईन.”

“बाई, नियम सगळ्यांना सारखा.”

“मग तुम्हीही तो डबा मिटा.”

हसणं थांबलं. तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही म्हणालात, “खाली बसायचं नसेल तर घरी बसा. छपरानंतर तसंही तेच ठरणार आहे.”

मी परत हेल्मेटं पुसायला गेले. पुसता पुसता वेल्डरच्या हेल्मेटाची काच फुटायची वेळ आली, एवढी मी संतापले होते.

आणि मग छपराचा दिवस उजाडला. हॉलची शेवटची लोखंडी कैची, म्हणजे छपराचा तो तिकोनी सांगाडा, रस्ताभर लांबीचा, दोन गाड्यांवर आडवा पडलेला. तिच्यासाठी सकाळपुरता रस्ता बंद केलेला. दुपारनंतर वारा वाढणार असं हवामानवाल्यांनी सांगितलेलं, आणि वाऱ्यात एवढं धूड उचलता येत नाही. म्हणजे आत्ता, नाहीतर पुन्हा कधी ते देव जाणे. तुम्ही पांढरं हेल्मेट घालून मधोमध उभे.

कैचीला पट्टे बांधायला माणसं पुढे झाली आणि मामांच्या वॉकीतून टोपीवाल्याचा आवाज आला, “मामा, मला गरगरतंय. पोटात आग पडलीय. मी उतरतो.”

उतरला तो राखेच्या रंगाचा होऊन. सिमेंटच्या पोत्यांवर बसला, वाकला आणि ओकला. नुसतं आंबट पाणी. पोटात दुसरं होतंच काय? तुम्ही लांब ढांगा टाकत आलात आणि त्याच्यावर ओरडलात,

“पिऊन चढला होतास?”

तेच शब्द. तोच आवाज. मी खोलीच्या दारात उभी होते, मामांकडे बघत होते. मामांनी तोंड उघडलं. या वेळी मिटलं नाही.

“साहेब,” ते म्हणाले, “तो प्यालेला नाही. तो जेवलेला नाही.”

तुम्ही मामांकडे असं बघितलंत, जणू एखादा खांब बोलला. मग आभाळाकडे बघितलंत, रस्त्यावर अडलेल्या गाड्यांकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

“तुम्ही चढाल?”

“चढते,” मी म्हटलं. “पण आधी डबा वर जाईल.”

“हो, हो, न्या ना!”

“कसा नेऊ? तिथे पाटी आहे. खाली तुमची सही आहे.”

“मी सांगतोय ना, न्या म्हणून!”

“तोंडी मला चालत नाही, साहेब. आज तोंडी हो म्हणाल, उद्या पाटी दाखवाल. पाटी काढा.”

कोणीतरी खाकरलं. वेल्डरनं चेहऱ्यावरची काच वर सरकवली, नीट दिसावं म्हणून. तुम्ही कोणाला तरी हुकूम सोडायला मान वळवलीत, पण एक माणूस जागचा हलला नाही. मग मामा पुढे झाले आणि तुमच्यासमोर पक्कड धरली. लाल मुठीची. अगदी अदबीनं, पानाचं तबक धरावं तशी.

तार तुम्ही स्वतः तोडलीत. चार ठिकाणी. पाटी खाली पडली तेव्हा तिचा आवाज अख्ख्या साइटनं ऐकला.

मी त्याआधीच खोलीत गोळी घेऊन भात खाल्ला होता, सासूबाईंच्या हुकमाप्रमाणे. टोपीवाल्याच्या हातात एक छोटा डबा दिला, “हळूहळू खा, एकदम नको.” आणि शिडीला हात घातला. किती दिवसांनी! लोखंड तसंच गार, तसंच तेलकट. अर्ध्यावर पोचले तरी घशात काही आलं नाही. वर पोचले, पेटीत बसले, सैल पट्टा लावला आणि दोर खाली सोडला. मामांनी स्वतः पिशवी बांधली. हळूहळू, शिडीच्या पायरी पायरीनं, माझा डबा वर आला. खालची सगळी डोकी वर वळलेली. एवढ्या जणांनी माझ्या लग्नातही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

पट्टे बांधून होईपर्यंत खायचं ठरवलं. उकडलेला बटाटा संपला, अंडं संपलं. मामांचा आवाज आला, “घारे, बांधून झालं. तयार?”

“मामा, केळं राहिलंय.”

खाली रस्ता बंद, गाड्या थांबलेल्या, इंजिनियर घड्याळाकडे बघतायत, तुम्ही हेल्मेट काढून घाम पुसताय. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मामांचा आवाज, “खा बाई, सावकाश खा. साइट थांबलीय.”

असं केळं मी जन्मात खाल्लं नाही.

मग कैची उचलली. आधी वीतभर, तशीच धरली, पट्टे ताणून घेतले. मामा म्हणाले, “चल.” वर घेतली. ती हवेत हळूच वळायला लागली, खालच्यांनी दोन्ही टोकांचे दोर धरून तिला आवरलं. मी गुडघ्यांमधून खाली बघत होते, वाकून, आणि छातीत काही नव्हतं. फक्त माझे हात, आणि मामांचा आवाज. “डावीकडे. अजून. बास. खाली घे. खाली. बोटभर. अर्धं बोट.” खांबावरची भोकं आणि कैचीची भोकं समोरासमोर आली. एका बाजूचा बोल्ट आत गेला. दुसऱ्या बाजूचा माणूस हातोडी घ्यायला वळला, पण तिची गरजच पडली नाही. बोल्ट हातानं आत सरकला, लोण्यात सुरी जावी तसा.

पहिला पाना खांबावर कोणी वाजवला माहीत नाही. मग सगळ्यांनीच वाजवले. लोखंडावर लोखंड, पूर्ण हॉल घुमला. टोपीवाला पोत्यांवर उभा राहून टोपी फिरवत होता. मामांच्या वॉकीचं बटण दाबलेलं होतं, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. टोपीवाला आणि मी, दोघंही राहिलो. दिवस अर्धा अर्धा वाटून घेतो. चढणाऱ्याचा डबा पान्यांच्या पिशवीतून वर जातो, तोंडाला दोरी आवळून. आजवर एक दाणा खाली पडलेला नाही. पाटी परत लागली नाही. अर्धा दिवस खाली असते तेव्हा हेल्मेटं मीच बघते; मागच्या वेळी गोळा केली तेव्हा पट्टीत देव होते, पोरी होत्या, गुलाबी पाकिटं फारच थोडी. माझी गोळी डॉक्टरीणबाईंनी आधी निम्मी केली, आता लागेल तशी. पलंग अजून तिरका आहे आणि नवरा अजून घसरतो. सासूबाईंनी परवा थोडंसं तळलं, मी थोडंसं खाल्लं, काही झालं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून चोरासारख्या हसलो.

आणि हॉल सुपूर्द केला त्या दिवशी, शेजारच्या इमारतीचं काम याच क्रेननं सुरू असताना, तुम्ही माईक हातात घेऊन म्हणालात, “कामगारांच्या आरोग्याची काळजी आम्ही पहिल्यापासूनच घेत आलो आहोत.” टाळ्या झाल्या. चोराच्या उलट्या बोंबा, पण असू दे. श्रेय घ्या. ते पाटीसारखंच आहे, तारेनं बांधलेलं.

माझं मागणं वेगळं आहे. माझी पेटी मला मिळाली, माझं पोट मला मिळालं. मामा अजून खालीच आहेत, आणि आता त्यांना वर यायचंही नाही, गुडघे दुखतात म्हणतात. पण नवीन आलेली माणसं अजूनही कोपऱ्यात एकमेकांना सांगतात, “तो म्हातारा? पिऊन चढायचा.” हा शब्द तुमच्या तोंडून निघालेला आहे. तो परत घ्यायला क्रेन चालत नाही, मी प्रयत्न करून बघितला.

शिडीच्या पायथ्याशी, सगळ्या साइटसमोर, मोठ्या आवाजात तुम्ही म्हणाला होतात, “पिऊन चढला होतात?” त्याच शिडीपाशी, तेवढ्याच माणसांसमोर, तेवढ्याच मोठ्यानं, “मामा प्यायले नव्हते, उपाशी होते, आणि उपाशी त्यांना मी ठेवलं होतं,” एवढं तुम्ही कधी म्हणणार?

मी वर आहे. डबा खाऊन झालाय. वॉकी चालू आहे आणि खाली सगळे ऐकतायत. बोला साहेब, कधी?